घरकामाचं जुनं चित्र वाचायचं कसं? व्हर्मीरची दूध ओतणारी बाई समोर ठेवून, पायरी-पायरीनं

घरातलं साधं काम दाखवणारं जुनं चित्र समोर आलं की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर पाच सेकंदात "मातृत्व", "साधेपणा", "अन्नपूर्णा" असं काहीतरी बोलून मोकळे होतात, नाहीतर मोबाईल काढून "या चित्राचा अर्थ" शोधतात आणि तिथल्या तीन ओळी वहीत उतरवून घेतात. नागपूरच्या धरमपेठेत आमची रविवारची चित्रं बघायची बैठक असते, त्यात बीएफएच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारी पोरं येतात, रिटायर झालेले काका-काकू येतात, आणि दोघंही नेमकं हेच करून राहिले असतात. त्यांची बुद्धी कमी पडते असं अजिबात नाही, क्रम चुकतो एवढंच. अर्थ सगळ्यात आधी काढायला जातात आणि मग चित्रात त्या अर्थाला सोयीच्या तेवढ्याच वस्तू दिसायला लागतात.

म्हणून हा क्रम सविस्तर लिहून ठेवते. उदाहरण म्हणून डच चित्रकार योहानेस व्हर्मीरचं दूध ओतणाऱ्या मोलकरणीचं चित्र घेतलंय, साधारण १६६० चं, आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं. यात एक बाई, एक टेबल, एक खिडकी आणि एक भिंत, बस एवढंच आहे, त्यामुळे शिकायला फार चांगलं.

आधी तयारी

चित्राची प्रत नीट मिळवा. राइक्सम्युझियमच्या स्वतःच्या साइटवर हे चित्र मोठ्या साइजमधे फुकट डाउनलोड करता येतं. व्हॉट्सॲपवर फिरणारी प्रत घेऊ नका, ती कडेनं कापलेली असते, पिवळी पडलेली असते, आणि या चित्रात तर महत्त्वाच्या गोष्टी कडेलाच आहेत.

तपासून बघा: उजवीकडे खाली जमिनीवर एक छोटी लाकडी पेटी आणि तिच्यामागे भिंतीच्या पायथ्याशी चित्रं असलेल्या टाइल्स पूर्ण दिसतात का? दिसत नसतील तर ती प्रत टाकून द्या.

दुसरं म्हणजे आकार. मूळ चित्र ४५.५ बाय ४१ सेंटीमीटर आहे. मोबाईलवर ते तळहाताएवढं होतं, प्रोजेक्टरवर भिंतीएवढं होतं, आणि दोन्ही ठिकाणी तुमचा अंदाज चुकतो. ए-थ्री कागदावर खऱ्या मापात मावत नाही, ए-टू लागतो, बर्डीत कुठल्याही प्रिंटवाल्याकडे मॅट कागदावर काढून मिळेल (ग्लॉसी नको, चमक मारते). तेवढाही खर्च करायचा नसेल तर जुना पेपर बरोबर त्या मापात कापून भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला चिकटवा आणि लॅपटॉपवर चित्र बघताना मधूनमधून त्या कागदाकडे बघा. संग्रहालयात टांगलेल्या एवढ्याशा चौकटीपुढे लोक तासन् तास का उभे राहतात, हा प्रश्न तिथूनच पडायला लागतो.

वहीचं पान उभं तीन भागांत विभागा: "दिसतं", "माहीत आहे" आणि "वाटतं". पुढचं सगळं काम या तीन रकान्यांवर चालणार आहे.

शेवटचं, एका चिठ्ठीवर फक्त मूलभूत माहिती लिहा. चित्रकार कोण, कधीचा, माप काय, चित्र कुठे आहे. व्हर्मीर, गाव डेल्फ्ट (हॉलंड), जन्म १६३२, मृत्यू १६७५. यापलीकडे सध्या काहीही वाचायचं नाही.

इशारा: चित्रकाराचं नाव दोनदा तपासा, ही चूक आपल्याकडे फार होते. हातात दिवा घेतलेली, बोटांतून उजेड झिरपणारी ती बाई, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं जलरंगातलं चित्र, ते राजा रविवर्म्याचं म्हणून किती घरांत फ्रेम करून लावलंय. ते आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे, मुलीला समोर उभं करून काढलेलं. नाव चुकलं की काळ चुकतो, काळ चुकला की माध्यम, हेतू, सगळा अर्थच घसरतो.

टप्पा १ : नुसती यादी

अर्धा तास. मोबाईल दुसऱ्या खोलीत. डावीकडून उजवीकडे, वरून खाली जायचं आणि जे दिसतं त्याचं नाव "दिसतं" रकान्यात लिहायचं. विशेषणं लिहायची नाहीत. "शांत बाई" नाही, "बाई". "गरिबाचं टेबल" नाही, "टेबल".

डावीकडे खिडकी. तिच्या काचांपैकी एक फुटलेली. खिडकीजवळच्या भिंतीवर वेताची टोपली आणि पितळेचं भांडं टांगलेलं. बाईच्या डोक्याला पांढरी टोपी, अंगात पिवळी चोळीवजा बंडी, बाह्या वर सारलेल्या, निळा ॲप्रन, खाली लाल घागरा. टेबलावर हिरवट कापड, पावाची टोपली, पावाचे तुकडे, झाकणाचा निळा जग, दोन कानांचं मातीचं पसरट भांडं. हातात मातीची लाल सुरई, त्यातून पडणारी दुधाची धार. मागे मोकळी पांढरी भिंत, तिच्यात खिळे आणि खिळे उपटून पडलेली भोकं. भिंतीच्या पायथ्याशी टाइल्स, एकीवर धनुष्यवाला मदन, एकीवर काठी घेऊन चाललेला माणूस. जमिनीवर ती लाकडी पेटी.

एखादी वस्तू ओळखू येत नसेल तर नाव शोधत बसू नका आणि अंदाजानं काहीतरी ठोकूनही देऊ नका, जशी दिसते तशी लिहा. "लाकडी पेटी, वरच्या फळीला भोकं, आत मातीचं भांडं" असं लिहिलंत तर पुढे शोधता येईल, "बॉक्स" लिहिलंत तर ती वस्तू तुमच्यासाठी मेली.

तपासून बघा: यादीत किमान वीस नोंदी झाल्या का? फुटकी काच आणि भिंतीतले खिळे त्यात आहेत का? नसतील तर परत बसा. हे दोन्ही नजरेतून सुटणं म्हणजे तुम्ही बाईचा चेहराच बघत बसलात.

या यादीचा सराव एखाद्या चित्रावरच करायला पाहिजे असं काही नाही. अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात जा, कुठल्याही एका काचेच्या कपाटासमोर उभे राहा, पाटी न वाचता यादी करा आणि मग पाटी वाचा. दोनतीनदा केलं की डोळा सरावतो.

टप्पा २ : काम काय चाललंय, ते स्वतः करून बघा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात आणि माझ्या मते घरकामाच्या चित्रात सगळ्यात जास्त याच टप्प्यातून मिळतं.

चित्रातली बाई एका हातानं सुरईचा कान धरून आहे आणि दुसऱ्या हातानं खालून आधार देऊन राहिली. धार बारीक आहे. आता उन्हाळ्याआधी आपल्याकडे रस्त्याच्या कडेला माठ-सुरया विकायला बसतात, तिथून एक छोटं कान असलेलं मातीचं भांडं आणा, पाऊण पाण्यानं भरा आणि टेबलावरच्या पसरट भांड्यात अगदी बारीक धारेनं ओता. एका हातानं ओतून बघा, मग दोन्ही हातांनी. दुसऱ्या कोणाला तरी बाजूनं फोटो काढायला सांगा.

दोन गोष्टी लगेच कळतात. मातीचं भरलेलं भांडं जड असतं आणि एका हातानं धार बारीक राहत नाही, भसकन पडते. आणि धार बारीक ठेवायची असेल तर नजर तिच्यावरून हलवताच येत नाही, मान आपोआप खाली जाते, खांदे उतरतात, ओठ थोडे विलग होतात. म्हणजे तिची खाली गेलेली नजर लाजेची नाही, दुःखाचीही नाही, ती कामातून आली आहे. "बाई उदास आहे" हे वाक्य बैठकीत दर वेळी कोणीतरी म्हणतं, हातात सुरई दिली की पुन्हा म्हणत नाही.

मग पुढचा प्रश्न विचारा: या क्षणाच्या आधी काय झालं असेल आणि नंतर काय होईल? पाव तुकड्यांत आहे, दूध पसरट भांड्यात मोजून-मापून पडतंय. दूध प्यायचं असतं तर पेल्यात ओतलं असतं. बरेच अभ्यासक म्हणतात की शिळ्या पावाची दुधातली खीर किंवा लापशीसारखं काहीतरी करायची तयारी चालली आहे. हे पटण्यासारखं आहे, पण चूल चित्रात नाही, त्यामुळे ते "दिसतं" मधे जात नाही, "वाटतं" मधे जातं. जास्तीत जास्त त्याच्यापुढे "भक्कम" असं लिहा.

इशारा: चेहऱ्यावरून भावना ओळखण्याआधी शरीर काय काम करतंय ते ठरवा. उलटा क्रम केला की नेहमी चुकतं.

टप्पा ३ : उजेड आणि रेघा

इथे पट्टी आणि पेन्सिल लागेल, म्हणून प्रिंट हवी.

उजेड डावीकडच्या खिडकीतून येतो. आता भिंतीकडे बघा. बाईच्या डाव्या अंगाला, म्हणजे आपल्या उजवीकडे, तिची बाजू सावलीत आहे आणि तिथली भिंत उजळ आहे. आपल्या डावीकडे तिची बाजू उजेडात आहे आणि त्या बाजूची भिंत मंद होत गेलीय. उजेडावर अंधार, अंधारावर उजेड. यामुळे ती भिंतीपासून सुटून पुढे येते. त्यावर आणखी म्हणजे तिच्या सावलीतल्या कडेनं व्हर्मीरनं एक बारीक पांढरी रेघ ओढली आहे, मोठ्या प्रतीत झूम करून शोधा, सापडेल. खऱ्या खोलीत अशी रेघ नसते. चित्रकारानं ती मुद्दाम दिली, कारण त्याला ती बाई ठसठशीत उभी करायची होती.

पाव पण झूम करा. कवचावर रंगाचे छोटे छोटे ठिपके आहेत, उजेडाचे कण असल्यासारखे. तेवढी मेहनत तिच्या चेहऱ्यावरही नाही.

आता पट्टी. खिडकीच्या आडव्या पट्ट्या उजवीकडे वाढवत न्या. त्या सगळ्या तिच्या उजव्या हाताच्या थोडं वर एका जागी येऊन मिळतात. मूळ कॅनव्हासवर तिथे टाचणीचं भोक सापडलंय, व्हर्मीर तिथे टाचणी टोचून खडूचा दोरा ताणून रेघा घेत असे. ही जागा तिच्या डोळ्यांच्या खाली आहे, म्हणजे आपली नजर तिच्या नजरेच्या खालून आहे, आपण तिच्याकडे किंचित वर बघून राहिलो. स्वयंपाकघरातल्या मोलकरणीकडे. ही नोंद वहीत अधोरेखित करून ठेवा, पुढे लागणार आहे.

तपासून बघा: तुमच्या रेघा एका ठिकाणी मिळत नसतील तर प्रिंट तिरकी छापली गेली आहे किंवा पट्टी सरकली, चित्राला दोष देऊ नका.

एक गोष्ट आपल्या भागातल्या लोकांसाठी. आपण मे महिन्यात खिडक्या लावून, पडदे ओढून, कूलर लावून बसतो, त्यामुळे मंद उजेडाची खोली म्हणजे उन्हापासून बचाव असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. डेल्फ्टचा उजेड वेगळा, थंड आणि ढगाळ. तिथे खिडकीजवळ जाऊन बसायचं ते उजेड मिळावा म्हणून. या खोलीत थंडी आहे, हे पुढच्या टप्प्यात त्या पेटीवरून कळेलच.

टप्पा ४ : आता वाचन, पण वस्तूनुसार

इथपर्यंत आलात तरच पुस्तक-इंटरनेट उघडा. आणि शोधताना "या चित्राचा अर्थ" असं शोधू नका, "ही वस्तू त्या काळात, त्या गावात कशासाठी वापरत" असं शोधा. प्रत्येक उत्तर "माहीत आहे" रकान्यात.

ती भोकांची लाकडी पेटी म्हणजे पाय शेकायची शेगडी. आतल्या मातीच्या भांड्यात निखारे ठेवायचे, वर पाय ठेवायचे, बायका घागरा वरून पसरून बसायच्या. थंड फरशीवर तासन् तास काम करणाऱ्या बाईसाठी गरजेची वस्तू.

टाइल्स डेल्फ्टच्याच, निळ्या-पांढऱ्या. भिंतीच्या खालच्या कडेला लावायच्या, कारण झाडझूड करताना, फरशी धुताना चुन्याची भिंत खराब होते.

निळा ॲप्रन कामाचा कपडा. पण इथे थांबून दोन गोष्टी वेगळ्या करा. कपडा मोलकरणीचा आहे, आणि रंग मात्र अल्ट्रामरीन, जो अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द दगडापासून बनायचा आणि फार महाग असायचा. वस्तू स्वस्त, रंग महाग. पोरं हे दोन्ही एकत्र करून "तिनं महागडे कपडे घातलेत" लिहितात आणि तिथे सगळं बिघडतं. ॲप्रन तिचा, रंग चित्रकाराचा, दोन वेगळे निर्णय, दोन वेगळ्या ओळी.

हात बघा. पंजे तांबूस, सारलेल्या बाहीखालचा भाग गोरा. एरवी तो बाहीनं झाकलेला असतो. चित्रकारानं रोज काम करणारे हात बघून काढले आहेत.

आणि ती कोण? घरची मालकीण नाही, कामाला ठेवलेली बाई. १६९६ साली आम्सटरडॅममधे व्हर्मीरची २१ चित्रं लिलावात निघाली, त्या यादीतही ती दूध ओतणारी मोलकरीण म्हणूनच नोंदली आहे, आणि १७५ गिल्डरला (तेव्हाचं डच चलन) गेली. त्या लिलावात याहून जास्त किंमत फक्त डेल्फ्ट शहराच्या देखाव्याला मिळाली, २०० गिल्डर. म्हणजे तेव्हाच्या लोकांनाही हे चित्र किरकोळ वाटलं नव्हतं.

इशारा: आपलं स्वयंपाकघर चित्रात घुसवू नका. आपल्याकडे दूध म्हटलं की नैवेद्य येतो, कोजागिरी येते, वास्तुशांतीला मुद्दाम उतू घालवलेलं दूध येतं. पाव म्हटलं की बेकरीतून आणलेली, चहाबरोबरची वरकड गोष्ट. डेल्फ्टमधे पाव म्हणजे आपली भाकरी-पोळी, रोजचं मुख्य अन्न. तुमच्या मनात आलेल्या आठवणी खोट्या नाहीत, त्या "वाटतं" मधे प्रामाणिकपणे लिहा, फक्त "माहीत आहे" मधे सरकू देऊ नका.

टप्पा ५ : काय काढून टाकलं?

२०२२ मधे राइक्सम्युझियमनं या चित्राच्या तपासणीचे निष्कर्ष सांगितले. इन्फ्रारेड पद्धतीनं रंगाच्या खालचे थर बघितले तेव्हा बाईच्या डोक्यामागे भिंतीवर एक लाकडी फळी निघाली, जग टांगायची, आणि उजवीकडे खाली एक मोठी विणलेली टोपली, आत निखाऱ्यांचं भांडं ठेवून कपडे सुकवायची-शेकायची, तान्ह्या बाळाचे कपडे वगैरे. दोन्ही व्हर्मीरनं आधी काळ्या रंगात मांडल्या आणि नंतर स्वतःच झाकून टाकल्या. तिथे आता मोकळी भिंत आहे, ती छोटी शेगडी आहे आणि टाइल्स आहेत.

हे वाचून लगेच "म्हणजे त्याला एकटेपणा दाखवायचा होता" अशी उडी मारू नका. आधी साधं लिहा: जगांची रांग तिच्या डोक्यामागे राहिली असती तर डोक्याची कड गर्दीत हरवली असती. मोठी टोपली राहिली असती तर खोलीत बाळ आलं असतं, कुटुंब आलं असतं, गोष्ट आली असती. व्हर्मीरच्या स्वतःच्या घरात मुलांची कमी नव्हती, तो गेला तेव्हा मागे ११ मुलं होती, अशी टोपली त्यानं रोज बघितली असणार. तरीही चित्रातून काढली. आता चित्रात फक्त ती आणि तिचं काम उरलं. टप्पा ३ मधली ती अधोरेखित नोंद इथे आणून जोडा.

मोकळी भिंत मोकळी ठेवून तिच्यातले खिळे, भोकं, सावल्या इतक्या बारकाईनं रंगवणं हा आळस नाही. एवढं काढून टाकणाऱ्या माणसानं खिळा ठेवला, तो ठेवायचाच होता म्हणून ठेवला.

इशारा: झाकलेलं प्रत्येक काम चित्रकारानंच झाकलं असं धरू नका. व्हर्मीरचंच दुसरं चित्र, ड्रेस्डेनमधली खिडकीशी पत्र वाचणारी मुलगी. तिच्यामागच्या भिंतीवर मदनाचं मोठं चित्र दडलंय हे १९७९ मधे एक्स-रेत कळलं होतं आणि बरीच वर्षं सगळे समजत होते की व्हर्मीरनंच ते पुसलं. नंतरच्या तपासणीत निघालं की तो थर दुसऱ्याच कोणाच्या हातचा, खूप उशिरा चढवलेला. तो काढून २०२१ मधे चित्र लोकांसमोर आलं, मदनासकट. त्या रिकाम्या भिंतीच्या "निःशब्द एकांतावर" लिहिलेलं किती तरी एका दिवसात निकामी झालं.

तुमच्या निवडलेल्या चित्राची अशी तपासणी झालीच नसेल तर हा टप्पा सोडून द्या, मनानं काही बनवू नका. फार तर त्याच काळातल्या, त्याच विषयाच्या दोनतीन चित्रांशेजारी ठेवून बघा की इतरांनी काय काय भरलं आणि यानं काय नाही भरलं.

टप्पा ६ : अर्थ, आणि तोही एक नाही

आता कुठे अर्थ. नियम एकच: किमान दोन वेगळे अर्थ मांडायचे आणि दोन्ही तपासायचे. एकच मांडला की माणूस त्याच्या प्रेमात पडतो.

पहिला अर्थ: श्रमाचा आणि काटकसरीचा मान. शिळा पाव वाया न घालवणारी, मोजून दूध ओतणारी, लक्ष देऊन काम करणारी बाई, आणि चित्रकारानं तिला खालून बघून, महाग रंग देऊन, भिंतीपासून सोडवून मोठं केलं.

दुसरा अर्थ: आकर्षणाचा. टाइलवर मदन आहे. पाय शेकायची शेगडी त्या काळी प्रेमाच्या चिन्हांमधेही येते, आम्सटरडॅमच्या रूमर फिसरच्या १६१४ च्या चिन्हचित्रांच्या पुस्तकात ती बायकांची लाडकी म्हणून आहे, आणि ज्याला बाईची मर्जी हवी त्यानं या शेगडीशी स्पर्धा करावी असा सूर आहे. शिवाय डच चित्रांत आणि विनोदांत मोलकरणींकडे पुरुषी नजरेनं बघायची चालच होती. २००९ मधे हे चित्र न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधे गेलं होतं, तिथले क्युरेटर वॉल्टर लिडके यांनी हा अर्थ ठामपणे मांडला होता.

आता अंगठ्याची परीक्षा. प्रिंटवर मदनाची टाइल अंगठ्यानं झाका. शेगडी दुसऱ्या अंगठ्यानं झाका. चित्राकडे बघा. बाई तशीच उभी, धार तशीच, उजेड तसाच, दुसरा अर्थ मात्र जवळजवळ गायब. अंगठे काढा आणि दुधाची धार झाका. चित्रच कोसळतं, तिच्या नजरेला कारण उरत नाही, हातांना कारण उरत नाही. जो अर्थ चित्राच्या मधल्या भागावर उभा आहे त्याचं वजन जास्त, जो कोपऱ्यातल्या अंगठ्याएवढ्या जागेवर उभा आहे त्याचं कमी. कमी म्हणजे खोटा नव्हे. व्हर्मीरनं मोठी टोपली काढून त्या जागी टाइल्स आणि शेगडी ठेवली हे टप्पा ५ मधे आपण बघितलंच, त्यामुळे मदन तिथे चुकून आलेला नाही. माझं मत असं की ती एक हळूच सांगितलेली गोष्ट आहे, तिच्याही मनात काही चालू असेल एवढीच शक्यता, आणि तो काठीवाला टाइलवरचा माणूस चालला आहे तो कदाचित दूर जाणारा कोणी. पण यावर पूर्ण चित्राचा अर्थ उभा करणं मला पटत नाही. तुम्हाला पटलं तर जरूर मांडा, फक्त अंगठ्याच्या परीक्षेला उत्तर द्या.

"अन्नपूर्णा"चं काय? वाईट वाटून घेऊ नका, पण ते इथे टिकत नाही. अन्नपूर्णा वाढते, देते, समोर कोणीतरी घेणारा असतो. इथे समोर कोणी नाही आणि घर तिचं नाही.

इशारा: "दूध म्हणजे पवित्रता, पाव म्हणजे येशू, खिडकी म्हणजे मुक्ती" अशा याद्या नेटवर ढिगानं मिळतात. साधी कसोटी लावा: तोच अर्थ दुसऱ्या कुठल्याही दुधाच्या चित्राला जसाच्या तसा चिकटतो का? चिकटत असेल तर तो या चित्रातून आलेला नाही, यादीतून आलाय.

टप्पा ७ : लिहायचं कसं

परीक्षेसाठी असो की कुठे पोस्ट करायला, तीन रकाने तीन क्रियापदांत बदला. "दिसतं" साठी सरळ वाक्य. "माहीत आहे" साठी काळ आणि ठिकाण सांगणारं वाक्य. "वाटतं" साठी "मला वाटतं", "असावं", "शक्यता आहे".

नेहमी येणारं उत्तर असं असतं: "या चित्रात एका गरीब आईचं वात्सल्य आणि त्याग दिसतो. दूध हे मातृत्वाचं प्रतीक आहे. खिडकीतून येणारा प्रकाश तिच्या आशेचं प्रतीक आहे." यात एकही गोष्ट चित्रातून आलेली नाही. आई कुठे आहे, मूल कुठे आहे, गरिबी कशावरून?

त्याऐवजी असं काहीसं: "बाई दोन्ही हातांनी मातीची सुरई धरून बारीक धारेनं दूध ओतते आहे आणि तिची नजर धारेवर आहे. खिडकीच्या रेघा तिच्या उजव्या हाताच्या वर मिळतात, त्यामुळे आपण तिच्याकडे किंचित खालून बघतो. ती घरात कामाला असलेली बाई आहे, तरी तिच्या ॲप्रनला चित्रकारानं महाग अल्ट्रामरीन वापरला आणि तिच्या मागची जगांची फळी काढून भिंत मोकळी ठेवली. मला वाटतं त्याला तिच्या कामातलं लक्ष मोठं करून दाखवायचं होतं. पायथ्याच्या टाइलवरचा मदन आणि शेगडी यांमुळे प्रेमाची एक बारीक सूचनाही असावी, पण ती चित्राच्या कडेला आहे." पाच वाक्यं, प्रत्येकावर बोट ठेवता येतं.

तपासून बघा: लिहून झालं की प्रत्येक वाक्यासाठी प्रिंटवर बोट ठेवा. बोट ठेवायला जागाच सापडत नाही आणि "माहीत आहे" मधेही नोंद नाही, ते वाक्य खोडा.

पुढचं चित्र कोणतं घ्यायचं

व्हर्मीर झाल्यावर लगेच ओळखीचं चित्र घ्या, कारण ओळखीच्या चित्रात चुका जास्त होतात. राजा रविवर्म्याचं १८९३ चं, बाबा येताहेत म्हणून लेकराला कडेवर घेऊन बघणारी बाई, पायाशी कुत्रा. चित्रकाराची मुलगी महाप्रभा आणि तिचं मूल समोर ठेवून काढलेलं, आणि त्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात गेलेलं. बैठकीत सगळे लगेच म्हणतात, आपलंच घर आहे, यात शोधायचं काय. पण ते घर केरळचं. तिथल्या नायर आणि राजघराण्यांत वंश आईकडून चालायचा, घरात मामाचा शब्द मोठा, बाप त्या अर्थानं घरचा कर्ता नव्हे. हे कळलं की बापाची वाट बघणारी, आई-बाप-मूल एवढंच कुटुंब दाखवणारी ती चौकट एकदम वेगळी वाचावी लागते, आणि बाप चित्रात नाहीच, हेही.

म्हणून तिथे टप्पा ४ ला दुप्पट वेळ द्या, टप्पा २ मधे एखाद्या लहान मुलाला खरंच कडेवर घेऊन बाजूला मान वळवून उभे राहून बघा, आणि टप्पा ५ साठी पक्की माहिती हाती नसेल तर तो सोडून सरळ ६ वर जा.